पिस्तूल नेमबाजी आणि डोळे: प्रबळ डोळा, धूसर साइट आणि चाळिशीचा नंबर

पिस्तूल नेमबाजी करणाऱ्यांच्या डोळ्यांविषयीच्या तक्रारी बहुतेक वेळा तीनच असतात. "पुढची साइट पूर्वीसारखी स्पष्ट दिसत नाही." "दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन पिस्तुले दिसतात." "मी उजव्या हाताने मारतो, पण माझा डोळा डावा आहे, असे प्रशिक्षक म्हणतात." पहिली तक्रार चाळिशीनंतर, दुसरी नव्याने सुरुवात करणाऱ्यांकडून आणि तिसरी कोणत्याही वयात ऐकू येते.

या तिन्हींपैकी एकही तक्रार म्हणजे आजार असेलच असे नाही. मात्र नेमबाजीत एकेका डोळ्याचा जितका कस लागतो, तितका रोजच्या व्यवहारात लागत नाही. त्यामुळे एका डोळ्यात हळूहळू वाढलेला दोष, जो दुसऱ्या डोळ्याने वर्षानुवर्षे झाकून ठेवलेला असतो, तो कधी कधी पहिल्यांदा निशाणा धरतानाच लक्षात येतो. म्हणून नेम बिघडला की हात, डोळा किंवा पिस्तूल बदलण्याआधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. पुढील माहिती नेमबाजांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• प्रबळ डोळा म्हणजे जास्त स्पष्ट दिसणारा डोळा नव्हे. मेंदू दिशा ठरवताना ज्या डोळ्याला पसंती देतो, तो प्रबळ डोळा.
• उजवा हात आणि डावा प्रबळ डोळा हा दोष नाही. पिस्तुलाच्या बाबतीत त्यावर सहसा सोपा मार्ग निघतो.
• चाळिशीनंतर पुढची साइट धूसर होणे नैसर्गिक आहे. वाचनाचा चष्मा त्यावर उपाय ठरत नाही, त्यासाठी वेगळा नंबर लागतो.
• प्रबळ डोळा अचानक 'बदलल्यासारखा' वाटला, तर तपासणी लांबवू नका.

प्रबळ डोळा म्हणजे काय?

आपण जसे उजव्या किंवा डाव्या हाताचे असतो, तसेच बहुतेक जण उजव्या किंवा डाव्या डोळ्याचे असतात. सुईत दोरा ओवताना, कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना किंवा दाराच्या भोकातून बाहेर पाहताना आपण नकळत ठरावीक डोळा पुढे करतो. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा असतो. काही थोड्या लोकांमध्ये दोन्ही डोळ्यांत फारसा फरक नसतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, प्रबळ डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा चांगली असेलच असे नाही. डाव्या डोळ्याला नंबर असूनही तोच प्रबळ असू शकतो. दुसरी, प्रबळ डोळा आणि प्रबळ हात यांचा संबंध सैल आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या अनेकांचा डावा डोळा प्रबळ असतो.

घरी तपासण्याची पद्धत

ही चाचणी फक्त रिकाम्या हातांनी करा. रिकामे पिस्तूल किंवा एअर पिस्तूलही वापरू नका.

१. दोन्ही हात समोर सरळ करा. तळवे बाहेरच्या बाजूला ठेवून दोन्ही अंगठे आणि तर्जनी जुळवा आणि मध्ये छोटा त्रिकोण तयार करा.
२. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाच-सहा मीटरवरची एखादी वस्तू, उदाहरणार्थ भिंतीवरचे घड्याळ, त्या त्रिकोणातून पाहा.
३. हात न हलवता डावा डोळा मिटा. घड्याळ तिथेच दिसले तर तुमचा उजवा डोळा प्रबळ आहे. घड्याळ हाताआड गेले तर डावा डोळा प्रबळ आहे.
४. हात खाली घ्या आणि हे चार-पाच वेळा पुन्हा करा.

प्रत्येक वेळी एकच उत्तर आले तर प्रबळता स्पष्ट आहे. उत्तर बदलत राहिले तर ती सौम्य आहे. मान वळवून, कडेला नजर टाकून पाहिले तरी उत्तर बदलू शकते, म्हणून वस्तू अगदी समोर असू द्या.

यानंतर आणखी एक साधी चाचणी करा. चष्मा असेल तर तो घालून एक डोळा तळहाताने हलकेच झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळ्यांत ठळक फरक जाणवला, तर प्रश्न प्रबळ डोळ्याचा नसून नजरेचा असू शकतो. निशाणा धरताना ज्याला ही तफावत जाणवली, त्याने नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

पुढची साइटच स्पष्ट का दिसावी लागते?

पिस्तुलावर दोन साइट असतात. मागच्या साइटमध्ये खाच असते आणि पुढे उभी पट्टी असते. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये आणि वरच्या कडा समान रेषेत ठेवून निशाणा धरायचा असतो. म्हणजे मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू डोळ्याला पाहायच्या असतात. निरोगी तरुण डोळाही एका क्षणी एकाच अंतरावर नीट केंद्रित होतो. मग कोणती वस्तू स्पष्ट ठेवायची?

याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. दोन साइटमधले अंतर ३२ सेंटिमीटर आहे असे धरा. पट्टी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला जाते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर एका कड्यापासून पुढचे कडे ८ मिलिमीटरवर असते, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. याउलट संपूर्ण हातच १ मिलिमीटर बाजूला सरकला आणि साइट जुळलेल्या राहिल्या, तर लक्ष्यावरही फरक १ मिलिमीटरच पडतो. म्हणून प्रशिक्षक सांगतात, लक्ष्य थोडे धूसर चालेल, पुढची साइट मात्र स्पष्ट हवी.

रायफलचे गणित वेगळे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारातल्या रायफलची मागची साइट बारीक छिद्राची असते. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात साइट उघडी असते. छिद्राची ही मदत पिस्तुलावर नसल्यामुळे नंबरातला लहानसा दोषही पिस्तूल नेमबाजाला लवकर जाणवतो.

उजवा हात, डावा डोळा

बंदुकीसारख्या खांद्याला लावायच्या शस्त्रात हात आणि डोळा विरुद्ध बाजूंचे असणे खरोखर अडचणीचे असते, कारण दस्ता ज्या खांद्यावर असेल त्याच बाजूचा डोळा साइटमागे येतो. पिस्तूल हाताच्या लांबीवर असते. ते दोन-तीन इंच बाजूला नेले किंवा चेहरा किंचित वळवला की दुसरा डोळाही साइटमागे आणता येतो. दोन्ही साइट नीट जुळलेल्या असतील तर त्या कोणत्या डोळ्याने जुळवल्या याने गोळीची दिशा बदलत नाही.

पर्याय साधारण असे असतात:

• दोन हातांनी पिस्तूल धरत असाल, तर पिस्तूल प्रबळ डोळ्यासमोर आणा. उजव्या हाताने मारणाऱ्या डाव्या डोळ्याच्या नेमबाजाने चेहरा किंचित उजवीकडे वळवला तरी बहुतेक वेळा पुरते.
• एका हाताने, बाजूने उभे राहून मारत असाल, तर मान फार वळवावी लागते. अशा वेळी हाताच्या बाजूचा डोळा वापरून दुसऱ्या डोळ्यासमोर झापड लावणे सोयीचे ठरते.
• हात बदलणे हा शेवटचा पर्याय. नुकतीच सुरुवात केली असेल तर विचार करता येईल. वर्षानुवर्षे सराव झालेल्याने केवळ या कारणासाठी हात बदलू नये.

प्रबळ डोळा 'बदलण्याचे' व्यायाम, थेंब किंवा चष्मे विकणाऱ्यांपासून सावध राहा. झापड किंवा सवयीने निशाणा धरण्याचा डोळा बदलता येतो, पण त्यासाठी औषध नाही आणि त्याची गरजही नाही.

दोन पिस्तुले का दिसतात?

दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचे लक्ष्य पाहिले की जवळचे पिस्तूल दोन दिसते. नजर पुढच्या साइटवर आणली की लक्ष्य दोन दिसते. हे प्रत्येक निरोगी माणसाला होते. नाकासमोर बोट धरून खिडकीबाहेर पाहा, बोटे दोन दिसतील. एरवी मेंदू या दुसऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करतो. निशाणा धरताना आपण मुद्दाम लक्ष देतो, म्हणून ती जाणवते.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असते. पुढची साइट डोळ्यापासून ७५ सेंटिमीटरवर असेल, तर १० मीटरवरच्या लक्ष्याच्या जागी त्या दोन प्रतिमांमध्ये सुमारे पाऊण मीटर अंतर दिसते. त्यामुळे कागदावर गोळी दोन-चार सेंटिमीटर बाजूला जात असेल, तर त्याचे खापर प्रबळ डोळ्यावर फोडू नका. साइटची जुळणी, ट्रिगर ओढताना हाताला बसणारा हिसका किंवा चष्म्याचा नंबर ही कारणे आधी तपासावीत.

उपाय दोन आहेत. एक डोळा मिटणे हा सर्वांना सुचणारा उपाय, पण तो जास्त वेळ टिकत नाही. डोळा घट्ट मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघडा डोळाही थकतो. त्यापेक्षा निशाणा न धरणाऱ्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक झापड लावावी. ती काळी नसून दुधी काचेसारखी असावी. एका डोळ्यापुढे पूर्ण अंधार केला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या थोड्या मोठ्या होतात आणि उघड्या डोळ्याची स्पष्टता कमी होऊ शकते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत समोरच्या झापडीची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

पॅरिसमध्येच १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक जिंकणारा तुर्कीचा युसुफ दिकेच साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मारताना जगाने पाहिला. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. दिकेचचे छायाचित्र पाहून झापड काढून टाकण्याचा मोह होऊ शकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून मारणे उत्तम, पण दुसरी प्रतिमा त्रास देत नसेल तरच. त्रास होत असेल तर झापड लावण्यात कमीपणा नाही.

प्रॅक्टिकल नेमबाजीत काय वेगळे?

प्रॅक्टिकल नेमबाजीत नेमबाज एका जागी उभा नसतो. तो चालत, वळत, आडोशामागून वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर मारतो आणि गुणांबरोबर वेळही मोजला जातो. या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. पोलिस आणि सुरक्षा दलांच्या प्रशिक्षणातही हालचाल करत गोळीबाराचा सराव असतो.

इथे कडेची नजर महत्त्वाची असते. एक डोळा मिटला की त्या बाजूचे दृश्य आणि अंतराचा अंदाज दोन्ही कमी होतात, पाय अडखळू शकतो आणि शेजारी कोण आहे हे उशिरा कळते. म्हणून मोठ्या झापडीऐवजी सुरक्षा चष्म्याच्या काचेवर, निशाणा न धरणाऱ्या डोळ्यासमोर, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावतात. तो नेमका साइटच्या जागी आला की दुसरी प्रतिमा पुसट होते आणि बाकीची नजर मोकळी राहते. सराव संपला की तो चष्मा काढून ठेवा. तो घालून दुचाकी चालवू नका.

चाळिशी लागल्यावर

एक उदाहरण घेऊ. तुम्ही ४६ वर्षांचे आहात, वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ च्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करता आणि रविवारी मुलीबरोबर एअर पिस्तुलाच्या सरावाला जाता. लांबचे उत्तम दिसते. पेपर वाचायला चष्मा लागतो. रेंजवर चष्म्याशिवाय लक्ष्य स्पष्ट दिसते, पण पुढची साइट धूसर असते. वाचनाचा चष्मा लावला तर लक्ष्य पार विरघळून जाते आणि साइटही हवी तशी दिसत नाही.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंग कडक होत जाते आणि जवळच्या वस्तूवर केंद्रित होण्याची ताकद कमी होते. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो. पुढची साइट मात्र डोळ्यापासून ७० ते ८० सेंटिमीटरवर असते. हे अंतर दोन नंबरांच्या मधले आहे. लेथवर फिरणारा जॉबही जवळपास याच अंतरावर असतो, म्हणून याच माणसाला कामावरही मान पुढेमागे करून बघावे लागते.

उपाय म्हणजे नेमबाजीसाठी वेगळा चष्मा. निशाणा धरणाऱ्या डोळ्याच्या लांबच्या नंबरात थोडी अधिक पॉवर मिळवली जाते. ती बहुतेकांना +०.५० ते +१.०० या दरम्यान लागते. यात साइट पुरेशी स्पष्ट होते आणि लक्ष्यही ओळखण्याइतके राहते. नेमका आकडा तुमचे वय, हाताची लांबी आणि प्रकार यांवर ठरतो. तो तपासणीतच ठरवावा, बाजारातून तयार चष्मा उचलू नये.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर आणखी एक घोळ होतो. या काचांत लांबचा नंबर वर आणि जवळचा खाली असतो. निशाणा धरताना मान सरळ किंवा किंचित खाली असते, त्यामुळे तुम्ही वरच्या भागातून पाहता आणि साइट धूसर दिसते. ती स्पष्ट करण्यासाठी हनुवटी वर जाते, मान आखडते आणि प्रत्येक वेळी काचेच्या वेगळ्या भागातून पाहिल्यामुळे नेमही बदलत राहतो. नेमबाजीसाठी एकाच नंबराची काच घ्या.

तिरपा नंबर आणि लाल ठिपका

सिलिंडर नंबर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसणे. त्यामुळे पुढच्या साइटची उभी कड स्पष्ट आणि आडवी कड पसरट, किंवा उलट, दिसू शकते. रोजच्या व्यवहारात न जाणवणारा छोटा सिलिंडर नंबरही निशाणा धरताना त्रास देतो.

लाल ठिपक्याची साइट वापरताना नजर लक्ष्यावर ठेवायची असते, म्हणून चाळिशीनंतर ती सोयीची वाटते. पण अनेकांना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. दोष साइटचा की डोळ्याचा, हे ओळखायला पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा. शस्त्रावरून काढलेल्या साइटचा ठिपका त्या भोकातून पाहा. ठिपका गोल झाला तर दोष बहुधा डोळ्याचा आहे. साइट फिरवल्यावर ठिपक्याची शेपटीही सोबत फिरली तर दोष साइटचा आहे. ती तिथेच राहिली तर डोळ्याचा.

पिवळ्या किंवा रंगीत काचांमुळे काहींना उठाव जास्त वाटतो. नंबर मात्र त्याने दुरुस्त होत नाही.

नेम बिघडण्यामागे लपलेले आजार

खालील आजार नेमबाजीमुळे होत नाहीत. ते निशाणा धरताना लवकर लक्षात येतात, एवढेच.

• मोतीबिंदू: साइटभोवती धुके, दिव्यांची तिरीप, उठाव कमी होणे. प्रबळ डोळ्यात मोतीबिंदू वाढला की मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे वळतो आणि 'माझा डोळा बदलला' असे वाटते.
• डोळ्यांचा कोरडेपणा: एकाग्रतेत पापण्या कमी लवतात. साइट धूसर होते आणि पापणी लवली की पुन्हा स्पष्ट होते. एसी किंवा पंख्याच्या झोतात हे वाढते.
• मधुमेह: रक्तातील साखर फार वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही काही काळ बदलतो. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका. दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करा.
• केराटोकोनस: तरुण वयात एका डोळ्याचा सिलिंडर नंबर वारंवार वाढणे, एकाच डोळ्याने पाहूनही सावलीसारखी दुसरी प्रतिमा दिसणे. डोळे सतत चोळण्याची सवय असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.
• जुनी जखम: वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा कण निघून जातो, पण बुबुळावर छोटा पांढुरका डाग राहू शकतो. तो मध्यभागी असेल तर साइट कधीच पूर्ण स्पष्ट दिसत नाही.
• काचबिंदू: कडेची नजर हळूहळू जाते आणि बराच काळ काहीच जाणवत नाही. घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस नियमित तपासावी.

काचबिंदूच्या औषधाबाबत स्पर्धकांसाठी एक सूचना. टिमोलॉलसारखे काही थेंब 'बीटा ब्लॉकर' गटातले असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही त्याच गटातल्या असतात. ही औषधे हात स्थिर करू शकतात, म्हणून नेमबाजीत ती स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत. म्हणून थेंब स्वतःहून बंद करू नका, त्याने नजर कायमची जाऊ शकते. तुम्ही स्पर्धक आहात हे डॉक्टरांना सांगा. इतर गटांतले थेंब देता येतात का, किंवा वैद्यकीय कारणासाठी परवानगी घ्यावी लागेल का, हे ते पाहतील.

मुलांच्या पालकांसाठी

नेमबाजी शिकायला आलेल्या मुलाला एक डोळा मिटताच येत नाही, किंवा एक डोळा मिटला की 'काहीच दिसत नाही' असे ते म्हणते, तेव्हा ते बहाणा करत आहे असे समजू नका. एक डोळा लहानपणापासून 'आळशी' असू शकतो. त्यात डोळा वरून निरोगी दिसतो, पण मोठा नंबर किंवा तिरळेपणा यामुळे मेंदूने त्याच्याकडे दुर्लक्ष केलेले असते. दुसरा डोळा चांगला असल्याने मूल तक्रार करत नाही.

योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत परिणामकारक असतात. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, म्हणून उशीर झाला असे समजून तपासणी टाळू नका. प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि नेमबाजी सुरू करण्यापूर्वी एकदा वेगवेगळे तपासून घ्यावेत. उपचारासाठी पट्टी कोणत्या डोळ्यावर आणि किती वेळ, हे डॉक्टर ठरवतात. रेंजवरची झापड म्हणजे ती पट्टी नव्हे.

डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर

मोतीबिंदूच्या किंवा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा जवळच्यासाठी ठेवतात. रोजच्या जगण्यात अनेकांना हे सोयीचे असते. पण निशाणा धरणारा डोळा कोणता, हे डॉक्टरांना माहीत नसेल तर नेमबाजाची पंचाईत होऊ शकते. अनेक अंतरांसाठी असलेल्या मल्टिफोकल भिंगांमुळे दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि उठाव थोडा कमी होऊ शकतो. त्यामुळे भिंग ठरवण्यापूर्वीच सांगा: मी नेमबाजी करतो, कोणत्या डोळ्याने करतो आणि साइट इतक्या अंतरावर असते. शस्त्रक्रियेनंतर रेंजवर केव्हा जायचे, हेही विचारून घ्या.

डोळ्यांचे संरक्षण

• रेंजवर असेपर्यंत पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा घाला. बघ्यांनीही घालावा. एअर पिस्तुलाचा छर्राही उलटून डोळा फोडू शकतो.
• साधा नंबरचा चष्मा म्हणजे सुरक्षा चष्मा नव्हे. पॉलिकार्बोनेटमध्येच नंबर करून घ्या किंवा चष्म्यावरून बसणारा मोठा सुरक्षा चष्मा वापरा.
• एकाच डोळ्याने चांगले दिसत असेल तर हा नियम कधीही मोडू नका. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंगजवळही नाही.
• शिशाच्या गोळ्या आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना किंवा कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावू नका.

तपासणीला जाताना

पिस्तूल, अगदी एअर पिस्तूलही, दवाखान्यात आणू नका. त्याऐवजी या गोष्टी करून या:

• निशाणा धरण्याच्या पवित्र्यात रिकामा हात पुढे करून, डोळ्यापासून पुढची साइट जिथे येते तिथपर्यंतचे अंतर घरच्यांकडून टेपने मोजून घ्या.
• सध्याचे सगळे चष्मे, जुने नंबराचे कागद आणि औषधांची यादी सोबत ठेवा.
• कोणत्या हाताने आणि कोणत्या डोळ्याने मारता, त्रास पहिल्या गोळीपासून असतो की अर्ध्या तासाने सुरू होतो, हे लिहून आणा.
• बाहुली मोठी करणारे थेंब घालतील. त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कुणाला तरी आणा आणि त्या दिवशी सराव ठेवू नका.

वागळे इस्टेट परिसरातून ठाणे महानगरपालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्या योजनेतूनही डोळ्यांचे उपचार मिळू शकतात.

ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे जा, जर

• एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले,
• अचानक वीज चमकल्यासारखे दिसू लागले किंवा काळे ठिपके एकदम वाढले,
• सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, किंवा साइटची पट्टी मधोमध तुटलेली दिसू लागली,
• नेमबाजीशिवायही एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागल्या,
• डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, किंवा डोळ्याला मार लागला.

मार लागला असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, घरगुती काहीही घालू नका. दोन दिसण्याबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली ताकद जाणे असे काही असेल, तर डोळ्यांच्या दवाखान्यात न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा डावा डोळा प्रबळ आहे, मी चांगला नेमबाज होऊ शकेन का?
हो. साइट नीट दिसणे आणि प्रत्येक वेळी त्याच डोळ्याने दिसणे, हे जास्त महत्त्वाचे.

नेमबाजीने नंबर वाढतो का?
नाही. एकटक पाहिल्याने डोळे थकतात आणि कोरडे होतात, पण नंबर वाढत नाही. दर काही गोळ्यांनंतर पिस्तूल खाली ठेवून, पापण्या लववून लांब पाहा. सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्या. तेवढ्या वेळाने नजरही थकते आणि हातही.

कॉन्टॅक्ट लेन्स चालतील का?
चालतील, पण कोरडेपणा वाढू शकतो. वरून सुरक्षा चष्मा घालावाच लागेल.

वय ६० झाले, आता पिस्तूल सोडून द्यावे का?
फक्त साइट धूसर दिसते म्हणून सोडू नका. आधी तपासणी करा. कारण नंबर किंवा मोतीबिंदू असेल तर त्यावर उपाय आहे. दुसरे काही निघाले, तर ते वेळेत सापडले याचा फायदा रेंजबाहेरच्या आयुष्यात जास्त होईल.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या डोळ्यांसाठी योग्य नंबर आणि उपचार नेत्रतज्ज्ञाच्या प्रत्यक्ष तपासणीतूनच ठरवावेत.